हारवूडची क्रूझर तुकडी, ‘ग्राफ श्पे’ आणि आपली पहिली ‘दिल्ली’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला दक्षिण अटलांटिकमध्ये ब्रिटिश नौदलाची एक छोटी क्रूझर (मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकांची) तुकडी होती. तिने आपल्याहून कितीतरी जड तोफांच्या जर्मन युद्धनौकेला गाठलं, घायाळ केलं आणि चार दिवसांत संपवलं. या तुकडीतली एक नौका पुढे भारताने विकत घेतली आणि तिने मुंबई बंदरातून जवळजवळ तीस वर्षं काम केलं. गोवामुक्तीच्या वेळी दीवसमोर उभी होती ती हीच. लढाईविषयी आणि त्या नौकेविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

ही तुकडी नेमकी कोणती आणि तिच्यात कोणकोणत्या नौका होत्या?

ब्रिटिश नौदलाच्या अमेरिका आणि वेस्ट इंडीज विभागातली ही दक्षिण अमेरिका तुकडी. प्रमुख कमोडोर हेन्री हारवूड. क्रूझर चार: ‘एजॅक्स’, ‘अकिलीस’, ‘एक्सिटर’ आणि ‘कंबरलँड’. पहिल्या दोघी एकाच वर्गातल्या सख्ख्या बहिणी, प्रत्येकीवर सहा इंची आठ तोफा. ‘एक्सिटर’वर आठ इंची सहा तोफा होत्या. ‘कंबरलँड’ सर्वांत मोठी, आठ इंची आठ तोफांची. पण ऐन लढाईच्या दिवशी, १३ डिसेंबर १९३९ ला, ती फॉकलंड बेटांवर डागडुजीत अडकली होती. म्हणून लढल्या त्या तीनच.

युद्ध जाहीर झालं त्याच दिवशी, ३ सप्टेंबर १९३९ ला, ‘एजॅक्स’ने उरुग्वेच्या किनाऱ्याजवळ ‘ओलिंडा’ हे जर्मन व्यापारी जहाज अडवून बुडवलं. दुसऱ्या दिवशी ‘कार्ल फ्रिट्झन’ची तीच गत झाली. त्यानंतर तीन महिने हजारो मैलांची गस्त, सतत इंधनाची चिंता आणि शत्रूचा मागमूस नाही, असं कंटाळवाणं काम चाललं.

इंधनाचा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना हे सगळे देश तेव्हा तटस्थ होते. हेगच्या करारानुसार लढणाऱ्या देशाच्या युद्धनौकेला तटस्थ बंदरात सर्वसाधारणपणे चोवीस तासच थांबता येई, आणि एकदा इंधन घेतलं की त्याच देशात पुढचे तीन महिने पुन्हा घेता येत नसे. हारवूडचा हक्काचा तळ म्हणजे फॉकलंड, तोही उरुग्वे आणि अर्जेंटिना यांच्यामधल्या प्लेट नदीच्या मुखापासून सुमारे हजार मैल दक्षिणेला. त्यामुळे तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात तेलवाहू जहाजाला बोलावून तिथेच क्रूझरच्या टाक्या भरून घेई. या कामाचं वर्णन लढाईच्या गोष्टींत क्वचितच येतं, पण हे नसतं तर १३ डिसेंबरला तीन नौका एका ठिकाणी जमल्याच नसत्या.

एका जर्मन जहाजासाठी एवढी धावपळ कशाला?

कारण ते जहाज ‘अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे’ होतं. अकरा इंची सहा तोफा, डिझेल इंजिनं आणि एकदा टाक्या भरल्या की महिनोन् महिने समुद्रात राहण्याची क्षमता. वृत्तपत्रांनी या वर्गाला ‘पॉकेट बॅटलशिप’ असं नाव दिलं होतं. मागचा हिशेब असा की जी नौका तिला पकडण्याइतकी वेगवान, ती तिच्यापुढे तोफांत कमी पडावी, आणि जी तोफांत वरचढ, ती वेगात मागे राहावी.

युद्ध सुरू होण्याआधीच, ऑगस्टमध्ये, ती जर्मनीतून निघून अटलांटिकमध्ये उतरली होती. कप्तान हान्स लांग्सडॉर्फ. ३० सप्टेंबरला ब्राझीलच्या पेर्नांबुकोजवळ तिने ‘क्लेमेंट’ बुडवलं आणि ७ डिसेंबरपर्यंत एकूण नऊ ब्रिटिश जहाजं तळाला गेली. एकूण टनेज पन्नास हजारांहून थोडं जास्त. नोव्हेंबरमध्ये ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून हिंदी महासागरात आली. मोझांबिकच्या किनाऱ्याजवळ ‘आफ्रिका शेल’ हे छोटं तेलवाहू जहाज बुडवून पाठलाग करणाऱ्यांना तिकडे खेचलं आणि ती पुन्हा अटलांटिकमध्ये परतली. तिच्या शोधात ब्रिटन आणि फ्रान्स यांची अनेक पथकं फिरत होती. श्रीलंकेजवळ एक, एडनच्या आखाताजवळ एक. विमानवाहू ‘आर्क रॉयल’ही त्यांत होती.

लांग्सडॉर्फविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. या नऊ जहाजांवरचा एकही माणूस त्याने मरू दिला नाही. आधी खलाशांना उतरवायचं, मगच जहाज बुडवायचं, ही त्याची पद्धत. कैदेतून सुटलेल्या ब्रिटिश कप्तानांनीही त्याच्याविषयी आदराने सांगितलं.

त्या जहाजांवर भारतीय खलाशी होते का?

होते. १० ऑक्टोबरला सापडलेलं ‘हंट्समन’ कलकत्त्याहून ब्रिटनकडे चाललं होतं. त्यावर भारतीय लास्कर खलाशी होते. त्या काळी ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या बॉयलरखान्यांत आणि डेकवर राबणाऱ्यांत आपल्या माणसांचा वाटा फार मोठा होता. कोकण, गोवा, गुजरात आणि बंगालच्या किनाऱ्यावरच्या घराघरांतून तरुण बोटीवर जात असत.

या कैद्यांना ‘ग्राफ श्पे’ने आपल्या ‘अल्टमार्क’ या रसद-जहाजावर चढवलं. ते जहाज गुपचूप जर्मनीकडे निघालं आणि १६ फेब्रुवारी १९४० च्या रात्री नॉर्वेच्या एका फियोर्डमध्ये (चिंचोळ्या खाडीत) ब्रिटिश विनाशिका ‘कॉसॅक’ने त्यावर चढाई करून २९९ कैदी सोडवले. सुटकेची ही कथा ब्रिटनमध्ये घरोघरी सांगितली गेली. त्या तळघरातल्या भारतीय खलाशांचा उल्लेख मात्र बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो, आणि ही उपेक्षा मला खटकते. चार महिने अंधाऱ्या खणात त्यांनीही काढले होते.

‘ग्राफ श्पे’ प्लेट नदीकडेच येणार, हे हारवूडला कसं कळलं?

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने विचार केला, आणि या सगळ्या कथेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

२ डिसेंबरला आफ्रिकेच्या बाजूला ‘डॉरिक स्टार’वर हल्ला झाला. बुडण्यापूर्वी त्याच्या बिनतारी अधिकाऱ्याने संकटाचा संदेश आणि जागा पाठवली. दुसऱ्या दिवशी ‘तायरोआ’नेही संदेश पाठवला. हारवूड तिथून तीन हजार मैलांहून अधिक दूर होता. त्याने धरलं की जागा उघडी पडल्यावर कप्तान तो भाग सोडणार आणि दक्षिण अमेरिकेकडे वळणार. पंधरा नॉटचा वेग गृहीत धरला तर रिओ दे जानेरोजवळ तो १२ डिसेंबरला पोहोचेल, प्लेट नदीच्या मुखाशी १३ ला सकाळी आणि फॉकलंडला १४ ला.

या तिघांतून निवड कशी करायची? प्लेटच्या मुखातून धान्य आणि मांस घेऊन जहाजांची रांगच्या रांग ब्रिटनकडे जात असे. शिकारीला जिथे सर्वांत जास्त शिकार मिळेल तीच जागा राखायची, असं त्याने ठरवलं. ‘एक्सिटर’ला फॉकलंडहून बोलावलं, ‘अकिलीस’ला उत्तरेकडून. १२ डिसेंबरला तिन्ही नौका मुखापासून दीडशे मैलांवर एकत्र आल्या.

हा अंदाज नशिबाने बरोबर आला, असं काही जण म्हणतात. नशिबाचा भाग होताच. पण हारवूड १९३६ पासून याच किनाऱ्यावर होता. तो स्पॅनिश शिकला होता, बंदरं आणि तिथली माणसं ओळखत होता. त्याआधी ग्रिनिचच्या नौदल महाविद्यालयात शिकवताना क्रूझरांनी पॉकेट बॅटलशिपशी कसं लढायचं, याच प्रश्नावर त्याने काम केलं होतं. नशीब अशा तयारीच्या माणसाला भेटलं की त्याचा उपयोग होतो.

तोफांत एवढा फरक असताना लढायचं कसं?

आकडे पाहा. ‘ग्राफ श्पे’चा एक मुख्य गोळा सुमारे ३०० किलोंचा. ‘एक्सिटर’चा ११६ किलोंचा. ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीस’चे गोळे जेमतेम ५१ किलोंचे. ‘ग्राफ श्पे’च्या सहाही तोफा एकदम झडल्या तर अठराशे किलो लोखंड सुटायचं. तिन्ही ब्रिटिश नौकांचं मिळून पंधराशेच्या आसपास, आणि त्यातला मोठा भाग सहा इंची गोळ्यांचा, जे जर्मन चिलखतावर आपटून बहुधा निकामी होणार. शिवाय जर्मन तोफा कितीतरी लांबून मारा करू शकत होत्या.

हारवूडने १२ तारखेला आपल्या कप्तानांना जो हुकूम दिला त्याचा आशय अगदी थोडका होता: तीन क्रूझर विरुद्ध एक पॉकेट बॅटलशिप असेल तर दिवस असो वा रात्र, ताबडतोब हल्ला करायचा. शत्रू दिसताच दोन गटांत फुटायचं. ‘एक्सिटर’ एका बाजूने, दोन हलक्या क्रूझर दुसऱ्या बाजूने. जर्मनांचे मोठे टरेट, म्हणजे फिरते तोफबुरूज, दोनच होते. दोन दिशांना दोन शत्रू असले की एकतर मारा विभागायचा किंवा एका बाजूकडे दुर्लक्ष करायचं. शिवाय एका गटाला दुसऱ्याचे गोळे कुठे पडताहेत हे बाजूने नीट दिसतं आणि नेम सुधारता येतो. त्याच संध्याकाळी तिन्ही नौकांनी या डावाचा सरावही केला.

सकाळ उजाडल्यावर नवा हुकूम देण्याची गरज उरली नाही.

१३ डिसेंबर १९३९ च्या सकाळी काय घडलं?

सहा वाजून चौदा मिनिटांनी वायव्येला धूर दिसला. एखादं व्यापारी जहाज असेल म्हणून ‘एक्सिटर’ला बघायला पाठवलं. दोनच मिनिटांत तिचा निरोप आला की ही पॉकेट बॅटलशिप असावी. ६ वाजून १८ मिनिटांनी ‘ग्राफ श्पे’ने तोफा डागल्या.

लांग्सडॉर्फला डोलकाठ्या आधीच दिसल्या होत्या. पण दोन हलक्या क्रूझरना तो विनाशिका समजला आणि पुढे एखादा व्यापारी तांडा असेल या हिशेबाने सरळ चालून आला. त्याचं टेहळणी विमान इंजिन बिघडल्याने निकामी होतं. दूर राहून मोठ्या तोफांनी खेळण्याचा आपला फायदा त्याने तिथेच घालवला. जवळ आल्यावर त्याला खरी गोष्ट कळली, तोवर लढाई जुंपली होती.

पहिला तडाखा ‘एक्सिटर’ला. अकरा इंची गोळा तिच्या पुढच्या दुसऱ्या टरेटवर आदळला आणि त्याच्या लोखंडी तुकड्यांनी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या जागी, कापणी केली. कॅप्टन फ्रेडरिक बेल आणि आणखी दोघे सोडून तिथले सगळे मेले वा जखमी झाले. बेलच्या डोळ्यांना इजा झाली होती. तो मागच्या बाजूच्या राखीव जागी गेला. होकायंत्र बंद, संपर्क तुटलेले. तेव्हा लहान होडीतलं होकायंत्र समोर ठेवून, माणसांच्या साखळीतून तोंडी हुकूम पोहोचवत त्याने जहाज चालवलं. एकेक टरेट बंद पडत गेला, आग लागली, नौका एका बाजूला कलली, नाळेकडचा, म्हणजे पुढचा, भाग पाण्यात खचला. तरी तिने पाणतीर सोडले आणि शेवटचा टरेट हाती आहे तोवर गोळे टाकत राहिली. साडेसातच्या सुमाराला तोही थांबला. ‘एक्सिटर’वरचे ६१ जण गेले.

तिच्याकडे बघत असताना ‘ग्राफ श्पे’ला दुसऱ्या बाजूने बोचणारे चावे बसत होते. ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीस’ जवळ, आणखी जवळ येत होत्या. ‘एजॅक्स’ने सहा-सदतीसला, तोफा चालू असतानाच, आपलं छोटं सीफॉक्स विमान उडवलं. ‘अकिलीस’जवळ फुटलेल्या गोळ्याच्या तुकड्यांनी तिच्या नेम-नियंत्रण मनोऱ्यात चौघांचा जीव घेतला. तोफखाना अधिकारी रिचर्ड वॉशबर्न जखमी झाले, पण तिथेच उभं राहून काम चालवत राहिले. कॅप्टन पॅरींच्या पायांना लागलं. सात-पंचवीसला ‘एजॅक्स’चे मागचे दोन्ही टरेट एकाच गोळ्याने बंद पडले.

एका क्षणी हारवूडला बातमी मिळाली की दारूगोळा पाचवा हिस्साच उरलाय. ‘एक्सिटर’ बाजूला झालेली, ‘एजॅक्स’च्या निम्म्या तोफा गेलेल्या. त्याने सात-चाळीसच्या सुमाराला धुराचा पडदा सोडून अंतर वाढवलं. अगदी योग्य केलं, असं माझं मत. लढाई थांबवली, पाठलाग थांबवला नाही. दिवसभर दोन्ही क्रूझर तोफांच्या टप्प्याच्या काठावर राहून ‘ग्राफ श्पे’च्या मागे राहिल्या. मध्यरात्रीनंतर ती माँटेव्हिडिओच्या बंदरात शिरली.

जिंकत असलेली नौका बंदरात का पळाली?

या प्रश्नावर आजही वाद होतात. बाहेरून ‘ग्राफ श्पे’ फारशी मोडलेली दिसत नव्हती. आतमध्ये मात्र घाव महत्त्वाच्या जागी बसले होते. ‘एक्सिटर’च्या एका आठ इंची गोळ्याने इंधन शुद्ध करणारी यंत्रणा उद्ध्वस्त केली होती. डिझेल इंजिनांना कच्चं तेल तसंच पाजता येत नाही, त्यामुळे जर्मनीपर्यंत जाण्याइतकं शुद्ध इंधन उरलं नव्हतं. स्वयंपाकघर आणि पिण्याचं पाणी करणारी यंत्रं निकामी. नाळेला भोक, म्हणजे हिवाळ्यातल्या उत्तर अटलांटिकच्या लाटांत धोका. मुख्य तोफांचा दारूगोळा बराच संपलेला. ३६ माणसं मेली होती, साठेक जखमी.

स्वदेशापासून हजारो मैलांवर, एकही मित्रबंदर नसताना हे घाव जीवघेणे ठरतात. ‘एक्सिटर’ फॉकलंडला जाऊ शकली. ‘ग्राफ श्पे’ला कुठेच जाता येत नव्हतं.

लांग्सडॉर्फने बंदर निवडतानाही चूक केली, असं मला वाटतं. पलीकडच्या काठावरचं ब्युनॉस आयर्स जर्मनीकडे जास्त झुकलेलं होतं. उरुग्वेची सहानुभूती ब्रिटनकडे होती.

माँटेव्हिडिओत चार दिवस काय चाललं होतं?

तोफांशिवायची लढाई. जर्मनांना दुरुस्तीसाठी आठवडे हवे होते. उरुग्वेने तज्ज्ञांकरवी तपासणी करून ७२ तास दिले, १७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत.

ब्रिटिश राजदूत युजेन मिलिंग्टन-ड्रेक यांनी सुरुवातीला चोवीस तासांच्या नियमावर बोट ठेवलं. मग लक्षात आलं की बाहेर तर फक्त दोन जखमी हलक्या क्रूझर उभ्या आहेत. ‘ग्राफ श्पे’ लगेच निघाली तर पंचाईत! मग डाव उलटा फिरला. नियम असा होता की शत्रूचं व्यापारी जहाज बंदरातून निघालं तर युद्धनौकेने त्यानंतर चोवीस तास थांबायचं. म्हणून ब्रिटिश व्यापारी जहाजं बंदरातून बाहेर काढली गेली.

त्याच वेळी अफवा पेरल्या गेल्या की ‘आर्क रॉयल’ आणि ‘रिनाउन’ येऊन पोहोचल्यात. अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांकाला त्यांच्यासाठी इंधनाची चौकशी अशा तऱ्हेने केली गेली की ती फुटावी. प्रत्यक्षात त्या नौका हजार मैल दूर होत्या. खरोखर आली ती एकटी ‘कंबरलँड’. फॉकलंडहून भरधाव निघून ती १४ च्या रात्री प्लेटच्या मुखाशी हजर झाली.

१५ तारखेला जर्मन मृतांचा दफनविधी झाला. आसपासचे हात नाझी सलामीत उंचावलेले असताना लांग्सडॉर्फने जुनी नौदली सलामी दिली. ते छायाचित्र जगभर छापलं गेलं. नुकत्याच सुटलेल्या ब्रिटिश व्यापारी खलाशांच्या वतीनेही पुष्पचक्र वाहण्यात आलं.

लांग्सडॉर्फने स्वतःचं जहाज का बुडवलं? तो भ्याला का?

भ्याला, हा शब्द मी त्याच्यासाठी वापरणार नाही. बाहेर मोठा काफिला थांबलाय अशी त्याची खात्री पटली होती. बर्लिनने उरुग्वेत नजरकैद स्वीकारायला मनाई केली. उरलं ते दोनच: लढत बाहेर पडायचं किंवा जहाज नष्ट करायचं. उथळ नदीपात्रात लढाई झाली तर जहाज अर्धवट बुडून शत्रूच्या हाती लागेल आणि त्याचे हजार तरुण उगाच मरतील, हे त्याला दिसत होतं.

१७ डिसेंबरच्या संध्याकाळी ‘ग्राफ श्पे’ थोड्याशा माणसांसह बंदराबाहेर निघाली. किनाऱ्यावर हजारो लोक जमले होते. माणसं दुसऱ्या बोटींवर उतरली आणि सूर्य मावळता मावळता स्फोटांनी ती फुटली. खलाशी ब्युनॉस आयर्सला गेले, तिथे अर्जेंटिनाने त्यांना नजरकैदेत ठेवलं. आपल्या माणसांची सोय लागल्यावर १९ डिसेंबरच्या रात्री लांग्सडॉर्फने स्वतःवर गोळी झाडली. खाली जुन्या शाही जर्मन नौदलाचा ध्वज अंथरलेला होता.

मग विजय कोणाचा?

तोफांचा हिशेब केला तर जर्मनांचं पारडं जड: ब्रिटिश मृत ७२, जर्मन त्याच्या निम्मे. पण ‘ग्राफ श्पे’ संपली आणि दक्षिण अटलांटिकचा व्यापारी मार्ग मोकळा झाला. बेधडक चालून जाण्यापेक्षाही आधीचा अंदाज, आधीचा सराव आणि योग्य वेळी मागे सरून पाठलाग चालू ठेवणं यांनी ही लढाई जिंकली. हारवूडला लढाईच्या तारखेपासून रिअर अ‍ॅडमिरलपद आणि ‘सर’ हा किताब मिळाला.

‘अकिलीस’ ब्रिटिश होती की न्यूझीलंडची?

दोन्ही. बर्कनहेडला बांधलेली, १ सप्टेंबर १९३२ ला पाण्यात सोडलेली ही नौका ब्रिटिश नौदलाच्या न्यूझीलंड विभागात होती. स्वतंत्र शाही न्यूझीलंड नौदल १ ऑक्टोबर १९४१ ला झालं. पण १९३९ मध्येच तिच्यावरचे निम्म्याहून जास्त लोक न्यूझीलंडचे होते आणि लढाईत तिने न्यूझीलंडचा ध्वज फडकवला. त्यामुळे महायुद्धात शत्रूवर पहिला वार करण्याचा मान तो देश तिला देतो. २३ फेब्रुवारी १९४० ला ऑकलंडमध्ये तिच्या खलाशांची मिरवणूक निघाली. त्याच दिवशी लंडनमध्ये ‘एजॅक्स’ आणि ‘एक्सिटर’च्या खलाशांचा सत्कार झाला.

बाकीच्या नौकांचं पुढे काय झालं?

‘एक्सिटर’ दुरुस्त होऊन पुन्हा युद्धात उतरली आणि १ मार्च १९४२ ला जावाच्या समुद्रात जपानी ताफ्याशी लढताना ती बुडाली. वाचलेल्या शेकडो जणांना जपानी कैद भोगावी लागली, कित्येक तिथेच मेले. ‘एजॅक्स’ भूमध्य समुद्रात आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर लढली, १९४९ मध्ये मोडीत गेली. ‘कंबरलँड’ १९५९ मध्ये. हारवूड १९४२ मध्ये भूमध्य समुद्रातल्या ताफ्याचा सरसेनापती झाला, १९५० मध्ये वारला.

‘अकिलीस’ प्रशांत महासागरात गेली. ५ जानेवारी १९४३ ला ग्वाडलकॅनालजवळ जपानी बॉम्बने तिचा मागचा एक टरेट उडवला, १३ जण मेले. दुरुस्तीत तो टरेट काढूनच टाकला गेला. म्हणून भारतात आली तेव्हा तिच्यावर आठऐवजी सहाच मुख्य तोफा होत्या.

ती भारताकडे कशी आली?

स्वातंत्र्यानंतर आपल्या वाट्याला आलेलं नौदल लहान होतं. फाळणीत तेही वाटलं गेलं. मोठ्या ताफ्याची सुरुवात म्हणून क्रूझर घ्यायचं ठरलं आणि ‘अकिलीस’ विकत घेतली गेली. ५ जुलै १९४८ ला ती ‘दिल्ली’ या नावाने भारतीय सेवेत दाखल झाली आणि सप्टेंबरमध्ये मुंबईला पोहोचली. भारताची ही पहिली क्रूझर आणि ताफ्याची ध्वजनौका.

कप्तान तेव्हा ब्रिटिश, एच. एन. एस. ब्राउन. पण दुसऱ्या क्रमांकावर होते कमांडर रामदास कटारी, जे १९५८ मध्ये नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९७१ च्या युद्धातले नौदलप्रमुख एस. एम. नंदा हेही ‘दिल्ली’च्या सुरुवातीच्या अधिकाऱ्यांपैकी. एवढी मोठी नौका चालवणं, तिची यंत्रं सांभाळणं, शेकडो माणसांचं वेळापत्रक बसवणं, हे आपलं नौदल या डेकवर शिकलं. तिचं हे काम मला प्लेटच्या लढाईइतकंच मोठं वाटतं.

भारतात तिने काय काय केलं?

जून १९५० मध्ये पंतप्रधान नेहरू तिच्यातूनच इंडोनेशियाला गेले. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त इंग्लंडच्या स्पिटहेडला झालेल्या नौदल संचलनात ती भारताच्या वतीने उभी होती.

आणि मग डिसेंबर १९६१. इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. मुरगावच्या पाण्यात पोर्तुगीज ‘अफोन्सो द अल्बुकर्क’शी लढल्या त्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’. अंजदीव बेटावर उतरण्याच्या कामाला ‘म्हैसूर’ आणि ‘त्रिशूळ’ होत्या. ‘दिल्ली’ होती दीवसमोर. १८ डिसेंबरला लष्कराला दीवच्या खाडीपलीकडून कडवा विरोध झाला, तेव्हा तिच्या सहा इंची तोफांनी किल्ल्याच्या दिशेने मारा केला. दुसऱ्या दिवशी दीवची पोर्तुगीज शिबंदी शरण आली. प्लेटच्या लढाईनंतर बावीस वर्षांनी, पुन्हा डिसेंबरमध्येच, तिने युद्धात तोफा डागल्या.

नंतर ती कॅडेटांना शिकवणारी नौका झाली. आज निवृत्त असलेल्या कितीतरी नौदल अधिकाऱ्यांनी समुद्राचे पहिले धडे तिच्यावर घेतले. ३० जून १९७८ ला ती मुंबईत सेवेतून निवृत्त झाली. ब्रिटिश आणि न्यूझीलंडच्या ध्वजाखाली तिची पंधरा वर्षंही गेली नाहीत, आपल्याकडे मात्र जवळजवळ तीस. इंग्रजीतल्या लिखाणात हा उत्तरार्ध दोन वाक्यांत आटोपतात, ते बरोबर नाही.

या लढाईवरच्या चित्रपटात खरी ‘अकिलीस’ दिसते, हे खरं का?

खरं आहे. १९५६ च्या ब्रिटिश चित्रपटात आपल्या ‘दिल्ली’नेच स्वतःची जुनी भूमिका केली. ‘कंबरलँड’नेही स्वतःचीच. ‘ग्राफ श्पे’ म्हणून अमेरिकन क्रूझर ‘सेलम’ उभी राहिली, ‘एजॅक्स’च्या जागी ‘शेफील्ड’ आणि ‘एक्सिटर’च्या जागी ‘जमैका’.

आजची आयएनएस दिल्ली तीच का?

नाही. आजची ‘दिल्ली’ ही मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली क्षेपणास्त्रवाहू विनाशिका आहे, नोव्हेंबर १९९७ पासून सेवेत. नाव मात्र जुन्या क्रूझरच्या वारशाने आलं.

आज प्रत्यक्ष बघण्यासारखं काय उरलंय?

‘ग्राफ श्पे’चा सांगाडा माँटेव्हिडिओजवळ गढूळ, उथळ पाण्यात आहे. बुडवल्यानंतर ब्रिटिशांनी मध्यस्थामार्फत तो विकत घेऊन त्यावरचं रडार तपासलं होतं. समुद्रावरच्या युद्धनौकेवर जर्मनांनी रडार बसवलंय, हे त्यांना तिथे दिसलं. २००४ मध्ये तिचा अंतरमापक वर काढला गेला, तो माँटेव्हिडिओत ठेवलाय. २००६ मध्ये मागच्या भागावरचा स्वस्तिकधारी कांस्य गरुड वर आला आणि त्याचं करायचं काय यावर उरुग्वेत वर्षानुवर्षं वाद पेटला. २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी तो वितळवून शांततेचं कबूतर घडवण्याचं जाहीर केलं. लोकांनी विरोध केल्यावर तो बेत काही दिवसांतच मागे घेतला.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात युद्धकाळात दारूगोळ्याच्या कारखान्याभोवती वसलेल्या गावाचं नाव ‘एजॅक्स’ आहे. तिथल्या अनेक रस्त्यांना या लढाईतल्या खलाशांची नावं दिली आहेत.

मराठी माणसाने बघावं ते मात्र ऑकलंडमध्ये. ‘दिल्ली’ मोडीत निघाली तेव्हा भारताने तिचा मागचा टरेट न्यूझीलंडला दिला. तो डेव्हनपोर्टच्या नौदल तळाच्या प्रवेशद्वारापाशी ठेवलेला आहे. ऑकलंडच्या मध्यवस्तीतून फेरी बोटीने डेव्हनपोर्टला जाता येतं, आणि त्याच परिसरात टॉर्पेडो बे इथे नौदलाचं संग्रहालयही आहे.